अर्ध्या जीपचे मालक

गाडी विकणाऱ्यानं चावी पुढे केली की आमचे तोतारामनाना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि म्हणायचे, "चावी ऱ्हाऊ द्या. पाना आणा."

विकणारा आधी त्यांच्याकडे बघे, मग माझ्याकडे. मी तोवर समोरच्या झाडावर किती कावळे आहेत ते बघत असे. नानांचं म्हणणं असं की, गाडी चालते का हे काय बघायचं? चालते म्हणून तर ती गाडी. प्रश्न आहे तो बंद पडल्यावर ती काय करते याचा. माणूस मुलगी द्यायला जातो तेव्हा नवरामुलगा चालतो का हे बघतो का? त्याचा राग आल्यावर घरात काय होतं ते विचारतो. विकणाऱ्याला हे पटायचं नाही. तो पुन्हा चावी पुढे करायचा. नाना पुन्हा हात मागे न्यायचे. असा त्या उन्हाळ्यात आमचा जीप-शोध चालला होता.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. आमची जुनी जीप गिरणेच्या पुलाअलीकडे मधोमध मोडली. म्हणजे चासीच तुटली. आमची म्हणजे निम्मी माझी, निम्मी नानांची. मी जळगावच्या कोर्टात वकील. नाना मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. एरंडोलच्या पुढे माझी सासऱ्यांकडून आलेली थोडी जमीन आणि नानांची वडिलोपार्जित थोडी, बांधाला बांध लागून. तिथे जायला काळ्या मातीचा असा रस्ता, की पावसाळ्यात एस.टी. सोडाच, सायकलसुद्धा खांद्यावर घ्यावी लागे. एकट्याला जीप झेपत नव्हती म्हणून दोघांनी मिळून लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेल्या डिस्पोजलमधली एक घेतली होती. ती आता गेली. मृगाच्या आत दुसरी आली नाही तर पेरणीचे तीनतेरा वाजणार, हे मला दिसत होतं. नाना मात्र प्रत्येक गाडी नाकारत चालले होते. शेवटी मी घरी जाहीर केलं की, म्हाताऱ्यानं आणखी एक गाडी नाकारली तर ही भागीदारी मी मोडणार आणि माझ्यापुरती गाडी बघणार.

"मोडा," आमची बायको म्हणाली. "निदान रविवारी तुमचं तोंड तरी दिसेल."

तिचा राग रास्त होता. जुनी जीप घेतली त्या दिवसापासून माझा रविवार नानांच्या नावावर चढला होता. सकाळी चहा घेतला की मी एक जुना पायजमा घालून मेहरूणला नानांकडे जायचं. तो पायजमा घरात कुठल्याही कपड्यांबरोबर भिजवायला बंदी होती. नानांचं घर तळ्याच्या बाजूला, पुढे मोठं अंगण. वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा भिलाईला, लेक इंदूरला दिलेली. अंगणात पोती अंथरलेली, पोत्यांवर पाने लहानमोठ्या क्रमानं मांडलेले, आणि मधोमध जीप. नाना धोतराचा काचा मारून, डोक्याला रविवारची टोपी घालून उभे. आठवड्याची टोपी पांढरीशुभ्र, रविवारची मूळची कुठल्या रंगाची हे सांगणं अवघड होतं.

नाना बोलायचे दोन भाषा. बॉनेट उघडेपर्यंत कचेरीची. "वकीलसाहेब, सदरहू प्लगमध्ये ठिणगी आढळून येत नाही, तरी आपण समक्ष पाहणी करावी." मी समक्ष पाहणी करायचो. मग त्यांचं डोकं आत गेलं की धुळ्याकडची अहिराणी सुरू. "भाऊ, आठे बठ्ठा कचरा शे," म्हणजे इथे सगळा कचराच आहे. बॉनेटच्या बाहेर मी वकीलसाहेब, आत भाऊ. मी मूळचा बोदवडकडचा. मला अहिराणी समजते पण बोलता येत नाही, म्हणून मी नुसता हुंकार द्यायचो आणि मागतील तो पाना पुढे करायचो. बहुतेक वेळा चुकीचा.

आता खरं सांगायचं तर नानांना गाडीतलं फार काही कळत होतं असं नाही. हौस दांडगी. उघडणं त्यांना उत्तम जमायचं. बंद करताना दर वेळी एखादा नट उरायचा. पहिल्यांदा उरला तेव्हा मी घाबरलो. नाना शांतपणे म्हणाले, "काही नाही हो. कारखानेवाले भित्रे असतात, जास्तीचे बसवून ठेवतात." उरलेले नट ते तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकत. काही वर्षांत डबा भरला. जीपमधून इतकं सगळं निघाल्यावरही ती चालायची, याला मी आजही त्या जीपचा मोठेपणा समजतो.

पण तो निम्माच मोठेपणा. उरलेला निम्मा गफूरमिस्त्रीचा. सोमवारी सकाळी नाना देवळात गेले की कोर्टाआधी मी अंगणातली जीप गुपचूप त्याच्याकडे ढकलत न्यायचो; विचारलं तर कोर्टात नेली होती म्हणायचो. "नानासाहेबांचा इतवार झाला वाटतं," एवढंच तो म्हणायचा आणि काम सुरू करायचा. नानांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी जीपला मिस्त्रीचा हात लागणं म्हणजे मालकाची नाचक्की. "मालकाचा हात पोचला पाहिजे," हे त्यांचं पालुपद. गाडीचा असा एकही कोपरा नसावा जिथे मालकाचा हात पोचत नाही. आणि मालक दोन आहेत तर दोघांचेही पोचले पाहिजेत. ही जी पुढची अट, तिनं माझा घात केला.

पाहणीला पहिली जीप आली ती जळगावातल्याच एका सरकीवाल्याची. देखणी होती, मला तर लगेच आवडली. नानांनी पाना घेतला आणि तो माझ्या हातात दिला. "वकीलसाहेब, पंख्याचा पट्टा काढून दाखवा."

"मी?"

"मग काय सरकीवाले येणार आहेत तुमच्या शेतावर?"

मी कोट काढला, हात घातला, आणि माझा हात तिथे अडकला. आमच्याकडे बल्ब बदलायचा तरी शेजाऱ्याला हाक मारावी लागते, मी कुठला पट्टा काढणार. सरकीवाल्याच्या माणसानं मनगटाला खोबरेल तेल चोळून मला सोडवलं. नानांनी निकाल दिला, "गाडी नापास." मी म्हटलं, नाना, नापास मी झालोय, गाडी नाही. ते म्हणाले, तेच ते.

दुसरी एका कंत्राटदाराची. तिची बॅटरी सीटखाली. नाना म्हणाले, म्हणजे बॅटरीत पाणी घालायचं तर बसलेल्या पाहुण्याला आधी उठवा. हे सभ्यतेला धरून नाही. तिसरीचं इंजिन नुकतंच मुंबईहून बांधून आणलेलं, आणि विकणारा अभिमानानं सांगत होता की, याला आता कोणी हात लावायचा नाही, बिघडलं तर थेट मुंबईला न्यायचं. नाना थेट रस्त्यावर येऊन उभे राहिले. मी माफी मागून मागोमाग आलो.

मग धुळ्याला सरकारी जीपांचा लिलाव निघाला. भंगारात काढलेल्या चार-पाच गाड्या कचेरीच्या आवारात ओळीनं उभ्या होत्या. नानांनी टोपी बदलली. खिशातून स्वतःचाच पाना काढला आणि ओळीच्या टोकाच्या गाडीपासून सुरुवात केली. मी जरा सावलीला बसलो होतो. थोड्या वेळानं जाऊन बघतो तर नानांनी तिच्या प्लगांच्या सगळ्या वायरी काढून गळ्यात घेतल्या होत्या.

"भाऊ, हाई गाडी काही कामनी नई शे," ते आतूनच म्हणाले. हिच्यापेक्षा बाकीच्या बऱ्या.

तेवढ्यात कचेरीतून एक साहेब बाहेर आले. मागे पट्टेवाला, फायली घेऊन. साहेब थेट त्याच गाडीत जाऊन बसले. ती लिलावातली नव्हतीच. साहेबांची स्वतःची, रोजच्या फिरतीची होती, फक्त ओळीला लागून लावलेली. ड्रायव्हर चहाला गेला होता तो धावत आला. नानांनी घाईघाईनं वायरी परत लावल्या. कुठली कुठे लावायची हे त्यांनी बहुधा अंदाजानंच ठरवलं, कारण ड्रायव्हरनं स्टार्टर दाबल्यावर आतून दोन बार निघाले आणि पट्टेवाल्याच्या हातातल्या फायली खाली पडल्या. पुढे गाडी ढकलावी लागली. मी, नाना, पट्टेवाला आणि लिलावाला आलेले दोन भंगारवाले मिळून आम्ही साहेबांना आग्रा रोडपर्यंत ढकलत नेलं. मी काळ्या कोटात होतो, धुळ्याच्या कोर्टात माझ्या ओळखी होत्या, आणि त्यातले निम्मे लोक त्या वेळी आग्रा रोडवरच होते. वाटेत नाना खिडकीशी वाकून साहेबांना अदबीनं म्हणाले, "साहेब, सदरहू वाहनही लिलावात काढण्याबाबत विचार व्हावा."

साहेबांनी आम्हाला आत टाकलं नाही, ही त्यांची सज्जनता. मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात भागीदारीचा निकाल लावून टाकला. आता एकच गाडी बघायची राहिली होती, आणि ती शेवटची. नानांना मी तसं तोंडावर सांगितलं. ते टोपीला लागलेलं ऑइल बोटानं पुसत राहिले.

ती शेवटची गाडी धुळ्याच्याच सुगनचंदशेठची. शेठ मारवाडी, कापसाचे व्यापारी, वय नानांच्याच आसपास. गुडघे गेल्यामुळे गाडी विकत होते. आम्ही पोचलो, नानांनी सवयीनं हात पाठीमागे नेले, तर शेठनं चावी पुढे केलीच नाही. फडक्यात गुंडाळलेली पान्यांची गुंडाळी पुढे केली. "आधी उघडून बघा नानासाहेब, चालवायचं नंतर. आजवर मिस्त्रीचा हात लागू दिला नाही मी हिला."

मला वाटलं, नाना आता शेठच्या गळ्यात पडतात. पण ते जरा दचकल्यासारखे दिसले. मग त्यांनी काचा मारला आणि कामाला लागले. उन्हं चढेपर्यंत त्यांनी त्या जीपचं जे जे उघडतं ते उघडलं. मला पट्टा काढायला लावला, तो निघाला आणि बसलाही. प्लग काढायला लावले, निघाले. गाडीखाली पाठीवर झोपायला लावलं, तिथेही माझा हात सगळीकडे पोचला. आत तेलाचा ओघळ नाही, गंज नाही, एक वायर उघडी नाही. शेठनं ती इतकी वर्षं लेकीसारखी सांभाळली होती. घरातून चहा आणि शेव आली. शेठ लहान मुलासारखे नानांच्या तोंडाकडे बघत बसले होते, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

नानांनी फडक्यानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, "कळवतो."

"काय कळवणार?" मी विचारलं.

"विचार करून कळवतो."

परतीच्या एस.टी.त मी त्यांना एकेक कारण विचारत गेलो. रंग हिरवा आहे, उन्हात लवकर उडतो, ते म्हणाले. शेठ फार गोड बोलतो. हॉर्नला आवाज कमी, आपल्याकडच्या म्हशी ऐकायच्या नाहीत. तिथे माझं डोकं फिरलं. मी गाडीभर लोकांसमोर म्हटलं, "नाना, पुरे झालं. उद्या मी शेठना निरोप पाठवतो. ती गाडी मी एकटा घेतो. तुमची सोय तुम्ही बघा."

नाना पलीकडच्या खिडकीबाहेर बघू लागले. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तसे ते उतरले. मला वाटलं, रागानं दुसऱ्या गाडीनं येणार असतील. पण जरा वेळानं ते माझ्या खिडकीखाली चहाचे दोन ग्लास घेऊन उभे राहिले. एक मला वर दिला.

"घ्या तुम्ही ती गाडी, वकीलसाहेब," ते म्हणाले. "चांगली आहे. इतकी वर्षं मी अशीच शोधत होतो."

"मग नको का म्हणालात?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. समोर ना बॉनेट होतं ना इंजिन, पण ते अहिराणीत बोलले. "सकायपशी पाही ऱ्हायनू, भाऊ. तिनामा काहीच करानं नई शे. मंग रविवारले तुमी कसाले येशात?"

सकाळपासून ते बघत होते. त्या गाडीत करण्यासारखं काही नव्हतं. मग रविवारी मी कशाला येईन, असं ते मला विचारत होते.

मी वकील माणूस, बोलण्यावर पोट भरणारा. चहाचा ग्लास हातात घेऊन मी त्यांच्या टोपीकडे बघत राहिलो. सगळा उन्हाळा माझ्या डोक्यातून गेला. हात न पोचणाऱ्या गाड्या त्यांनी नाकारल्या, कारण त्या मिस्त्रीकडे गेल्या असत्या. ही एकटी सगळीकडे हात पोचणारी, तर ही बिघडणारच नव्हती. कसंही केलं तरी मेहरूणच्या त्या अंगणात रविवारी कोणी येणार नव्हतं. आणि मी इतकी वर्षं त्यांच्याकडे जात होतो ते जीपसाठी जातोय असंच समजत होतो. कंडक्टरनं घंटी मारली. नाना ग्लास परत करायला धावले. ते आत येऊन बसले तेव्हा मी त्यांना खिडकीची जागा दिली, एवढंच मला जमलं.

जीप आम्ही घेतली, निम्मी निम्मी. शेठनं दुसऱ्याला चालवायला बसवून, पण स्वतः सोबत येऊन जळगावपर्यंत पोचवली आणि परत जाताना तिच्या बॉनेटवरून हात फिरवला. पेरणीला ती वेळेवर आली. काळ्या मातीतून अशी गेली, की मला तिचा राग यावा.

पहिल्या रविवारी मी मेहरूणला गेलो. अंगण झाडलेलं होतं, पोती अंथरलेली होती, पाने मांडलेले होते. नाना बाजूला खाटेवर बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी.

"सुरू करून पाहिली," ते म्हणाले. "एका हाकेत सुरू झाली. आपण आलात, चहा घेऊन जा."

मी जीपमध्ये बसून स्टार्टर दाबला. इंजिन सुरू झालं आणि इतकं गोड चालू लागलं की शेजारच्या घरातला रेडिओसुद्धा ऐकू येत होता. मी कान देऊन ऐकल्यासारखं केलं. मग बंद केलं.

"नाना, आवाज येतोय."

"कसला?"

"डावीकडून. मधेच अडकल्यासारखा."

नाना उठून आले. बॉनेटला कान लावला, पुन्हा सुरू करायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. आवाज कसलाही नव्हता, हे त्यांना कळलं होतं. मला तर आधीच ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. पापण्या जरा लवलवल्या. म्हातारा रडतो की काय अशी मला भीती वाटली आणि मी बॉनेट उघडून घाईघाईनं आत डोकं घातलं.

"भाऊ," बाहेरून आवाज आला, "तुमले पक्का आवाज वना?"

"वना," मी म्हटलं. वना म्हणजे आला; अहिराणीतला माझा तो पहिला शब्द. आणि पाना घेऊन सुगनचंदशेठच्या त्या ठणठणीत जीपचा कार्बोरेटर मी माझ्या हातानं खोलायला घेतला. शेठची मनातल्या मनात माफी मागितली. जरा वेळानं शेजारी दुसरं डोकं आत आलं, रविवारच्या टोपीसकट. "असा नई, भाऊ, आठेन धरा," म्हणत नानांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला.

मधे त्यांनी गोवऱ्यांवर बट्ट्या भाजल्या, वरण केलं, आणि आम्ही ऑइलच्याच हातांनी जेवलो. दिवस कलल्यावर सगळं परत बसवलं. मी स्टार्टर दाबला, काही नाही. हँडल मारलं. मग नानांनी मारलं, मग पुन्हा मी. खांदे भरून आले, पण गाडीनं हूं की चूं केलं नाही. शेठनं इतकी वर्षं जपलेली जीप आम्ही एका दिवसात पार बसवली होती, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

नानांनी बॉनेट हलकेच खाली घेतलं आणि त्याच्यावर दोन्ही हात टेकून उभे राहिले.

"आता पुढच्या रविवारी तुम्हाला यावं लागेल," ते म्हणाले.

"यावंच लागेल," मी म्हटलं, आणि मेहरूणहून चालत घरी निघालो.